बाटलीचा ताप

नायट्रस ऑक्साइड हा वायू इंधन नाही. तो स्वतः जळत नाही, पेट्रोलला जास्त जळू देतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. ज्वलनकक्षातल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि त्याच सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जाळता येते. शिवाय बाटलीत द्रवरूपात असलेला नायट्रस उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे इनटेकमध्ये शिरताच तो आत येणारी हवा गार करतो, आणि गार हवा दाट असते. या दोन गोष्टींच्या जोरावर बटण दाबल्याक्षणी पन्नास, शंभर, दोनशे अश्वशक्ती वाढते. इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या डायनोवरची रेघ त्या क्षणी सरळ वर चढते. ती पहिल्यांदा पाहिलेला माणूस गाड्यांना नायट्रस बसवण्याचे काम सहसा सोडत नाही.

१७७२ साली जोसेफ प्रीस्टलीने हा वायू तयार केला. पुढच्या शतकात तो दंतवैद्यांकडे पोचला आणि भूल देण्याच्या कामी आला. इंजिनात तो आला दुसऱ्या महायुद्धात, जेव्हा उंचावरच्या विरळ हवेत शक्ती टिकावी म्हणून जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ या नावाने तो विमानांत बसवला. मोटार शर्यतीत त्याचे नाव आधी गाजले ते वादामुळे. १९७६ च्या डेटोना ५०० च्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या वेळा नायट्रसच्या संशयावरून रद्द झाल्या. १९७८ साली कॅलिफोर्नियात नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिची ‘नॉस’ ही आद्याक्षरे पुढे वायूचेच नाव होऊन बसली, आणि २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटानंतर ती पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतही ऐकू येऊ लागली.

महाराष्ट्रात ही कला आली ती अमेरिकन किटच्या खोक्यातून, सोबतच्या माहितीपत्रकासकट. माहितीपत्रकात थंड सकाळ गृहीत धरलेली असते. बाटलीला हीटर लावावा, दाब ९०० ते ९५० पीएसआयपर्यंत आणावा आणि मग धाव घ्यावी, असा त्याचा क्रम असतो. तिकडच्या ड्रॅग स्ट्रिपवर तो बरोबर आहे. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर किंवा पुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्चनंतर काम करणाऱ्याला मात्र बाटली गरम कशी करावी हा प्रश्न पडतच नाही. त्याला ती गार ठेवायची असते. सोलेनॉइड, जेट, टायमिंग मागे घेणे, थंड प्लग, रिंगची फट या गोष्टी कोणताही कारागीर वर्षभरात शिकतो. बाटलीचे तापमान मात्र वीस वर्षांनंतरही पुरते ताब्यात येत नाही.

कारण असे. बाटलीत खाली द्रव आणि वर वायू अशी स्थिती असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ७३० पीएसआय असतो, ३० अंशांना सुमारे ९१५. बाटली भरत आलेली असो वा तळाला गेलेली, काटा तेच दाखवतो. ही स्थिती फार तर ३६.४ अंशांपर्यंत टिकते. ते नायट्रसचे क्रांतिक तापमान. त्यापुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही आणि एकाच उन्हात पडलेल्या दोन बाटल्या दोन तऱ्हांनी वागू लागतात. काठोकाठ भरलेल्या बाटलीतला द्रव तिशी ओलांडतानाच फुगून सगळी जागा व्यापतो. मग प्रत्येक अंशागणिक दाब झपाट्याने चढतो आणि चाळीस अंशांना काटा १,३०० च्या पुढे जातो. जेटमधून ठरल्यापेक्षा जास्त नायट्रस जातो. पेट्रोलच्या बाजूला जेटही तोच आणि पंपाचा दाबही तोच, म्हणून मिश्रणात पेट्रोल कमी पडते, म्हणजे ते लीन होते. अर्ध्या बाटलीत याच्या उलट घडते. काटा फार वर जात नाही, पण आतला माल इतका विरळ झालेला असतो की वजनाने कमीच नायट्रस जातो. पेट्रोल जास्त पडून मिश्रण रिच होते, गाडी गुदमरते, मागून काळा धूर येतो. नवा कारागीर मग पेट्रोलचा जेट लहान करतो, संध्याकाळी भरलेली बाटली लावतो आणि इंजिन गमावतो.

प्रस्तुत लेखकाने असेच एक इंजिन गमावले आहे, आणि तेही नवखेपणी नव्हे. एका एप्रिलमध्ये चार सिलिंडरच्या एका पेट्रोल सेडानवर ७५ अश्वशक्तीचा जेट लावून चाचणी चालली होती. बाटली त्याच सकाळी भरून आली होती आणि दुपारपर्यंत शेडच्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात उभी होती. काटा १,३०० वर होता आणि तो दिसला होता. तरी रन घेतला गेला, कारण आदल्या दिवशी दुसऱ्या एका गॅरेजने तशाच गाडीवर काढलेला आकडा सगळ्या पुण्यात फिरत होता. रन अप्रतिम गेला. रेघ आधी कधी गेली नव्हती तिथवर गेली. आकडा खडूने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला गेला, गाडीमालकाने पेढे मागवले, आणि प्लग उघडले गेले ते त्यानंतर.

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग हातात आला तेव्हा त्याच्या बाहेरच्या पट्टीचे टोक वितळून मेणबत्तीसारखे गोल झाले होते. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके होते. भिंगाखाली ते चमकले. ते पिस्टनचे ॲल्युमिनियम होते. हेड उघडल्यावर वरच्या दोन रिंगांमधली कड तीन ठिकाणी तुटलेली मिळाली. नायट्रसखाली प्लग वाचायचे तर पूर्ण वेगावर इग्निशन तोडून गाडी तशीच थांबवावी लागते. त्यानंतर इंजिन मिनिटभर जरी निवांत चालले तरी खुणा पुसट होतात. पट्टीवरचा रंग कुठे बदलतो, ठिपके आहेत की नाहीत, बुडाशी काजळीचे कडे किती रुंद आहे, एवढ्यात सगळी कहाणी असते. ही कहाणी वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही असे लेखकाला वाटत असे, आणि त्याच माणसाने त्या दिवशी आधी फळा पाहिला. इंजिन उन्हाने गेले असे गाडीमालकाला सांगण्यात आले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. उन्हात बाटली राहू दिली ती अहंकाराने.

यापेक्षा मोठा अहंकार कानाचा होता. नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण अवेळी भडकल्याचा, आवाज ओळखणे ही या धंद्यातली प्रतिष्ठेची गोष्ट. पत्र्याच्या डब्यात बारीक खडी हलवावी तसा तो वाजतो, आणि एक्झॉस्टच्या गर्जनेतून तो उचलणारा माणूस गॅरेजमध्ये मोठा ठरतो. साधारण मोटारीच्या सिलिंडरमध्ये ही खडखड सहा-सात हजार हर्ट्झच्या घरात असते. सततच्या गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते, आणि वय वाढते तसे त्याच्याही वरचे स्वर निघून जातात. म्हणजे या कारागिराला ज्या आवाजाची गरज सर्वांत जास्त, तोच त्याला लवकर सोडून जातो, आणि गेलेला कळत नाही. माणसाला वाटते, इंजिन साफ चालले आहे.

हे लक्षात आले ते आयटीआयमधून शिकायला आलेल्या एका मुलीमुळे. डायनोवर दुसऱ्या रनच्या शेवटी ती म्हणाली, “काका, वाजतंय.” लेखकाला काही ऐकू आले नव्हते. त्याने मान हलवून तिसऱ्या रनची तयारी सांगितली. ती जागची हलली नाही. “काका, खरंच वाजतंय. आधी प्लग काढू या ना.” प्लग निघाले. ठिपके सुरू झाले होते, पण इंजिन वाचले. पुढच्या आठवड्यात लेखकाने कानांची तपासणी करून घेतली. त्या आलेखावरची रेघ चार हजारांपाशी खाली कोसळलेली होती.

तेव्हापासून या गॅरेजमध्ये कानावर निर्णय होत नाही. नॉक सेन्सर आणि लॅम्बडा (मिश्रणाचे प्रमाण) यांची नोंद प्रत्येक रनला घेतली जाते, आणि बाटलीला स्वतःची वही आहे. रनआधी आणि रननंतर बाटली भाजीवाल्याकडे असतो तशा इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलली जाते. घटलेले वजन सेकंदांनी भागले की खरोखर किती नायट्रस गेला ते कळते. दाबाचा काटा हे सांगू शकत नाही. ७५ च्या जेटला दहा सेकंदांत साधारण ३०० ग्रॅम जावा. फरक पडला तर जेटला हात लावण्याआधी तापमान पाहायचे. बाटलीभोवती ओले गोणपाट आणि समोर पंखा, एवढ्याने देशावरच्या कोरड्या उन्हात ती माठासारखी गार होते आणि तिशीपाशी आणून ठेवता येते. कोकणात आणि गोव्यात हवा दमट असल्याने गोणपाट फारसे काम करत नाही. तिथे बर्फ घातलेल्या पाण्याची बादली लागते, आणि बाटली फार गार होऊ नये म्हणून तिच्यावर डोळाही ठेवावा लागतो.

टर्बोवाले या सगळ्याला लबाडी म्हणतात, कारण बाटली संपली की शक्ती संपते. अमेरिकेत ड्रॅग शर्यतींच्या प्रो मॉडिफाइड वर्गात नायट्रसची, सुपरचार्जरची आणि टर्बोची इंजिने एकाच स्ट्रिपवर एकमेकांविरुद्ध धावतात, तेव्हा हा आक्षेप तिथेच निकालात निघाला आहे. खरा ऱ्हास वेगळा आहे. लॅपटॉपवर मॅप बदलणारी नवी पिढी हुशार आहे, पण त्यातल्या अनेकांनी नायट्रसखालचा प्लग भिंगातून कधी पाहिलेला नाही. स्वस्त नकली किटमधले सोलेनॉइड बंद असतानाही गळतात. इंजिन थांबलेले असताना इनटेकमध्ये नायट्रस आणि पेट्रोल साचते आणि स्टार्टर मारताच मॅनिफोल्ड फुटते. आणि सिग्नलवर पांढरा फवारा उडवून दाखवण्यासाठी बसवलेली बाटली ही कारागिरी नव्हे. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. बाटल्या भरणे, बाळगणे, वाहून नेणे हे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे, म्हणजे माहिती हवी असणाऱ्याला फार लांब जावे लागत नाही.

बाटलीच्या व्हॉल्व्हमध्ये एक पातळ चकती असते. आतला दाब सुमारे ३,००० पीएसआयला गेला की ती फुटते आणि सगळा माल एका दमात बाहेर पडतो. हा वायू बंद गाडीत पसरला तर श्वासाला ऑक्सिजन उरत नाही, म्हणून तिथून गाडीबाहेर जाणारी नळी बसवलीच पाहिजे. बाटलीला ज्योत कधी दाखवू नये. आणि चाचणी संपली की बाटली डिकीत राहू देऊ नये. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीच्या आत ३६.४ अंश केव्हाच ओलांडलेले असतात. ती काढून सावलीत ठेवावी आणि मगच जेवायला बसावे.