आजोबांचा दाढीचा ब्रश

कुंभकोणम-तंजावर रेल्वेमार्गावर सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचं छोटंसं स्टेशन आहे. त्या गावात आमचं जुनं घर आहे आणि तिथे अप्पा एकटे राहतात. तंजावरच्या मराठा राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले. १८५५ मध्ये ते राज्य इंग्रजांनी घेतलं, पण आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, अंगणाबाहेर तमिळ.

गेल्या मार्गशीर्षात मी पुण्याहून गावी गेलो, तेव्हा अप्पांची दाढी वाढलेली होती. हात थरथरतो म्हणून त्यांनी स्वतः दाढी करणं सोडलं होतं. आठवड्यातून एकदा न्हावी घरी येतो, तेवढंच. कपाट आवरताना आजोबांचा दाढीचा ब्रश सापडला. काळा बेकेलाइटचा जाड दांडा चांगला होता, केस मात्र झडून मूठभर काड्या उरल्या होत्या.

अशा ब्रशात केसांचा झुबका गोल खाचेत चिकटवलेला असतो. दांडा धड असेल तर नवा झुबका बसवता येतो. जुने केस ठेवण्यात अर्थही नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे अनेक सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता, हे मी वाचलं होतं. मी कृत्रिम केसांचा २० मिलिमीटरचा झुबका ऑनलाइन मागवला.

तो आल्यावर दुपारी अप्पा झोपले असताना मी कात्रीने जुने केस कापले आणि आत उरलेला गोळा ड्रिलने कोरायला घेतला. थोडं थोडं कोरायचं असतं. मी घाई केली. ड्रिल घसरलं आणि दांड्याच्या काठाला तडा गेला.

अप्पा उठले. वर्तमानपत्रावर पडलेले केस त्यांनी पाहिले.

"आधी मला विचारायचं होतंस," एवढंच म्हणाले. रात्री जेवताना आमचं बोलणं झालं नाही.

सकाळी त्यांनीच दांडा रुमालात गुंडाळला. "चल, नाचियारकोयिलला जाऊन येऊ."

नाचियारकोयिल पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे ओतलेले भाग लेथवर फिरवून गुळगुळीत करतात. अप्पांच्या ओळखीच्या कारागिराने दांड्याचं माप घेतलं, पितळेचं बारीक कडं तयार केलं आणि काठावर घट्ट बसवलं. तडा कड्याखाली झाकला गेला. "समईला जमतं, मग याला का नाही?" तो तमिळमध्ये म्हणाला आणि अप्पा हसले.

घरी येऊन खाच सँडपेपरने घासली. झुबका आधी गोंदाशिवाय बसवून पाहिला. खोल बसवला तर केस ताठ राहतात, थोडा वर ठेवला तर मऊ लागतात. "मऊच ठेव," अप्पा म्हणाले. मग दोन ट्यूबांचा गोंद सारखा मिसळून लावला आणि २४ तास ब्रशला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना खुर्चीवर बसवलं, वाटीत साबणाचा फेस केला आणि त्यांच्या गालाला ब्रश लावणार, तोच त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे. फेस मी लावतो, रेझर तू धर."

हात थरथरत होताच. पण फेस लावायला हात स्थिर लागत नाही! जाड दांडा मुठीत धरून ते सावकाश गोल गोल फिरवत राहिले. कानापर्यंत फेस गेला, नाकालाही लागला. मी पुसायला गेलो, तर मान हलवून नको म्हणाले.

मी इतके दिवस त्यांची दाढी कशी करून द्यायची याचाच विचार करत होतो. त्यातलं कोणतं काम त्यांना अजून जमतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता मी पुण्यात आहे. न्हावी येण्याआधी अप्पा फेस लावून तयार असतात. ब्रश धुऊन, झटकून खिडकीत वाळत ठेवतात. परवा फोनवर म्हणाले, "एकही केस गळला नाही हं अजून."