कडी लागलेला रुपया

5 जानेवारी, रविवार
जुना बाजार. नळाच्या तोट्या आणि बिनकिल्लीच्या कुलपांच्या ढिगाशेजारी राणीछाप रुपया, वर कडी झाळलेली. "नाक लागलंय ताई, नाणीवाले याला हात लावत नाहीत. चांदीच्या भावात न्या." मला नेमकं ते नाकच हवं होतं. तरी तोंड पाडून घासाघीस केलीच.

6 जानेवारी
वजन केलं. टाकसाळीतून निघालेला रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. हा कडीसकट 11.3 भरला. झीज गेली कुठे? भिंगातून पाहिलं. राणीच्या मुकुटाची नक्षी शाबूत, पाठ मात्र गुळगुळीत, साल पार पुसलेलं. कुणाच्या तरी गळ्यात, लुगड्यावर घासून घासून. सालाचा माग राणीनेच दिला: नावापुढे 'क्वीन' आहे, 'एम्प्रेस' नाही. 1877 पासून रुपयावर 'एम्प्रेस' आलं. आणि मुकुटवाली राणी 1862 पासूनची. म्हणजे या पंधरा वर्षांतला.

9 जानेवारी
कडी हलतेय म्हणून सराफाकडे. "काढूनच टाकतो, पॉलिश मारतो, कोरा दिसेल." नको म्हटलं. मागे एका कारागिराने न विचारता माझा भोकाचा पैसा असाच चकचकीत केला होता. 1943 ते 47 या काळातला, पोराच्या करगोट्यात ओवलेला. काळसर झाक गेली ती गेलीच. भोकाच्या कडेला दोऱ्याने पाडलेली खाच तेवढी उरली.

14 जानेवारी, संक्रांत
मामींकडे हळदीकुंकू. काळ्या चंद्रकळेवर पुतळ्यांची माळ काय उठून दिसत होती! मी पर्समधून भिंग काढलं तशा बाकीच्या हसायला लागल्या. "राम-लक्ष्मण आहेत गं," मामी म्हणाल्या. मूळच्या पुतळीवर, व्हेनिसच्या ड्युकाटवर, संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला डोजे. ते प्रजासत्ताक 1797 मध्ये बुडालं, पण आपल्याकडे सोनार त्या नाण्याच्या नकला घडवत राहिले. मामींच्या पुतळ्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. म्हणजे इथल्याच. मी काही बोलले नाही. राम-लक्ष्मण तर राम-लक्ष्मण. तिळगूळ घेतला.

16 जानेवारी
दुसऱ्या सोनाराकडून कडी पक्की करून आणली. जुन्या झाळीचा डाग तसाच ठेवायला सांगितला होता, त्यानेही ठेवला. रुपया पटवेकऱ्याकडे काळ्या रेशमात ओवायला दिलाय. रविवारी मिळेल.