एका पैशाची तीन नावं

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी कणकुंबीजवळच्या आमच्या वाडीवर गेले, तेव्हा भातकापणीला आठ-दहा दिवस राहिले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे आजोबांनी हाक मारली. "बाळा, ऊठ. गवे येऊन गेले."

बांधावर जाऊन बघितलं, तर अर्धं शेत आडवं. जे खाल्लं नव्हतं ते तुडवलं होतं. आजोबा चिडले नाहीत. "जनावर हाय ते, त्याला काय कळतंय," एवढंच म्हणाले आणि उरलेल्या भाताकडे बघत बांधावर बसले. मला मात्र रडू आलं. हे भात विकायचं नव्हतंच, वर्षभर घरात खायचं होतं.

ज्यांनी कणकुंबी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे, म्हणजे गोव्याकडे जाताना हे गाव लागतं. तालुका खानापूर. इथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा नदी उगम पावते. हेच पाणी पुढं सौंदत्तीजवळच्या धरणात साठतं आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. कळसा-भांडुरा प्रकल्पाचा कालवाही इथंच खोदला गेला. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडले, 2018 मध्ये लवादाचा निकाल आला, तरी वाद संपलेला नाही. शेजारी भीमगड अभयारण्य आहे, 2011 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. तिथल्या बारापेडे गुहेतली दुर्मिळ वटवाघळं बघायला अभ्यासक लांबून येतात.

म्हणजे पाणी जपा, जंगल जपा, वटवाघूळ जपा, असं सगळं जग आमच्या भागाला सांगतं. ते बरोबरच आहे. पण या जपण्याचा खर्च कोण करतं? आमच्याकडे तो त्या पहाटे दीड एकर भातानं केला.

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर सरकार पैसे देतं. अर्ज करायचा, फोटो जोडायचे, वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करतात. अर्ज कन्नडमध्ये होता. माझं कन्नड अक्षर लावून लावून वाचण्यापुरतं, म्हणून मी मोबाइलवर इंग्रजी नियम शोधले. तिथं साहित्याच्या विद्यार्थिनीची खोड आडवी आली. कन्नडमध्ये या पैशाला 'परिहार' म्हणतात. इंग्रजीत 'एक्स-ग्रेशिया'. आणि आपण मराठीत म्हणतो 'नुकसानभरपाई'.

'एक्स-ग्रेशिया' हा लॅटिन शब्द. अर्थ, कृपा म्हणून. देणं लागत नसताना दिलेलं. कृपा हा शब्द मी लहानपणापासून रोज रोझरीत म्हणत आले आहे. देवाची कृपा फुकट असते, ती आपण कमवत नाही, हे कॅटेकिझमच्या वर्गात शिकलोय. म्हणूनच तो शब्द सरकारी नियमात बघून मला कसंसंच झालं. देवानं कृपा करावी, मी गुडघे टेकून घेईन. पण जंगल सगळ्यांचं, त्याचा फायदा सगळ्यांना, आणि त्याच्यापायी एका घरचं भात गेलं, तर ते परत देणं ही कृपा कशी? ते तर देणं झालं.

अर्ज भरून आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं उताऱ्यावर बोट ठेवलं. जमीन अजून पणजोबांच्या नावावर. ते जाऊन तीस वर्षं झाली. "आधी वारसा करून आणा," म्हणाला. तोही चुकीचं बोलत नव्हता. पण तेव्हा मला कळलं की आजोबांना पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपये का मिळत नाहीत, आणि सौर कुंपणाच्या अनुदानाला ते अर्ज का करत नाहीत. साठ वर्षं जी जमीन कसली, तिच्या कागदावर हा माणूस नाहीच. योजना कागदाला मिळतात, घामाला नाही. आमच्या वाडीवर अशी घरं एक-दोन नाहीत. वारसा करायचा तर सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात. एक मुंबईला, एक वास्कोला, आणि एका आत्याशी घरात बोलणंच नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी'मध्ये मांडलं आहे की पर्यावरण आणि गरिबी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. वर्गात मी त्यावर निबंध लिहिला होता, मार्कही चांगले पडले. आमच्याच उताऱ्यावर कोणाचं नाव आहे हे मात्र मी एकविसाव्या वर्षापर्यंत विचारलं नव्हतं.

परत आल्यावर मी राज्यघटना उघडली. कलम 350 सांगतं की आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. म्हणून कन्नड अर्जासोबत जोडायला मी मराठीत एक पत्र लिहिलं. फोनवर आजोबांना वाचून दाखवलं. 'आम्हाला मदत मिळावी ही नम्र विनंती' या वाक्याला त्यांनी थांबवलं.

"मदत नको लिवू," म्हणाले. "भरपाई लिव."

त्यांना लॅटिन येत नाही. मी शब्द बदलला.

मुंबईच्या काकांची सही आली आहे. आत्याला पप्पांनी ख्रिसमसला फोन केला, नऊ वर्षांनी. आधी दोघंही रडले, सहीचं नंतर निघालं. पैसे अजून आलेले नाहीत. यंदा पुन्हा भात लावलं आहे. कणसं धरली की आजोबा रात्री माळ्यावर झोपायला जातील, उशाशी पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन.