बर्फाचे टायर आणि नाना पेठ

पुण्यातल्या बुधवार पेठेत राहणाऱ्यानं पिकअप घेऊ नये, हे शेजारच्या काकांनी मला पेढा हातात घेतानाच सांगितलं होतं. गाडी सव्वापाच मीटरहून लांब. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन रिक्षा आल्या की तिसऱ्यानं चहा प्यायला जावं, अशी परिस्थिती. त्यामुळे माझी इसुझू व्ही-क्रॉस मंडईजवळच्या वाहनतळावर राहते आणि मी तिला भेटायला चालत जातो. 1.9 लिटरचं डिझेल इंजिन, 163 अश्वशक्ती, 360 न्यूटन-मीटर टॉर्क, फोर बाय फोर. लक्ष्मी रस्त्यावर यातलं काहीही उपयोगाचं नाही. म्हणूनच जानेवारीत ती घेऊन हिमाचलात अटल बोगद्यापलीकडे लाहौलच्या बर्फात जायचं ठरलं, तेव्हा माझ्यापेक्षा घरातल्यांनाच ते जास्त पटलं.

प्रश्न टायरांचा होता. स्टुटगार्टला असणाऱ्या आतेभावानं फोनवर बजावलं, "विंटर टायर घातल्याशिवाय निघूच नकोस." जर्मनीत बर्फ, बर्फाचा चिखल किंवा दव गोठलेल्या रस्त्यावर साध्या टायरवर गाडी काढली तर दंड होतो. तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर एक संच आणि बाकीचे महिने दुसरा. वापरात नसलेला संच गॅरेजवाले पैसे घेऊन सांभाळतात, त्याला ते चक्क टायरांचं हॉटेल म्हणतात. माझ्या टायरचं माप 255/60 आर 18, म्हणजे एकेक टायर पाऊण मीटरहून उंच. असे चार टायर ठेवायला आमच्याकडे माळा आहे; पण त्यावर गौरींचे मुखवटे, आजीचा पाट आणि कुणाचं ते कुणालाच माहीत नसलेलं एक हार्मोनियम आहे.

आतेभाऊ म्हणतो ते शास्त्राला धरूनच आहे. साधारण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवतात, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. पुण्यात याची गरज कुणाला? इथला नीचांक 1.7 अंश, तोही जानेवारी 1935 मधला. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो, पण येताना त्यांनी थंडी काही बरोबर आणली नाही.

तरी नाना पेठेत गेलो. गाडीचा कुठलाही भाग तिथे मिळतो, अशी आपली पिढीजात श्रद्धा आहे. दुकानदारानं माप विचारलं, गाडी विचारली आणि 'बर्फाचे टायर' म्हटल्यावर चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, मागवून देणार कोण? गिऱ्हाईक तुम्ही एकटे." खरी अडचण याहून मोठी आहे. परदेशी टायर इथे विकायला भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र लागतं, आणि जून 2020 पासून टायरांची आयात 'प्रतिबंधित' यादीत आहे, म्हणजे आणायचे तर परवाना हवा. गंमत अशी की आपल्याच कंपन्या हिवाळी टायर विकतात, पण युरोपात. अपोलोनं 2009 मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन घेतली, त्यांचे विंटरॅक टायर तिकडे नावाजलेले. सिएटचाही विंटरड्राइव्ह तिकडे मिळतो. नाना पेठेतल्या फळीवर यातला एकही नव्हता.

मग स्वस्तातले पर्याय सुरू झाले. एका ठिकाणी जुने टायर दाखवले, नक्षी अगदी नव्यासारखी. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले: 2316. म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नख रोवून पाहिलं, रबर पाटीसारखं कडक. थंडीत मऊ राहावं म्हणून आपण टायर शोधतोय आणि हा पुण्याच्या उन्हातच दगड झालेला. किंमत निम्म्याहून कमी होती, तरी मी ते सोडले. जुना टायर चिखलासाठी एक वेळ चालेल, बर्फासाठी फुकट दिला तरी घेऊ नये.

दुसरा पर्याय ऑल टेरेन टायर. पिकअपवाल्यांमध्ये याला नुसतं 'एटी' म्हणतात. इथे दोन खुणांमधला फरक कळायला हवा. टायरवर 'एम+एस' लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ते कंपनी स्वतःच लिहिते, त्यासाठी परीक्षा नाही. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी अशी खूण असेल, तर तो टायर दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. जर्मनीनं 2018 पासूनच्या टायरांना हीच खूण सक्तीची केली. योकोहामाच्या जिओलँडार एटी जी015 ला बऱ्याच मापांत ती असते. मात्र ही चाचणी बर्फावरची, गोठलेल्या पाण्याच्या काचेवरची नव्हे. विकणारे हे सांगत नाहीत. माझे जुने टायर गोटा व्हायला आलेच होते, बदलायचे होतेच. त्यामुळे हिवाळ्यासाठी वेगळा खर्च न करता चांदणीवाले एटी बसवून घेतले. पावसाळ्यात ताम्हिणीत तेच चालतात आणि माळ्यावरचं हार्मोनियम जागचं हलत नाही.

राहिल्या साखळ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत विचारायचं माझ्या डोक्यात आलं. तिथल्या भाईंनी साखळीचे चार नमुने पुढे टाकले आणि विचारलं, "किती किलो? गेटला की कुत्र्याला?" गाडीच्या चाकाला, म्हटल्यावर ते हसले नाहीत, उलट कडी हातात फिरवून म्हणाले, ही नका नेऊ, ही ओढायला बनवली आहे, घासायला नाही. माझ्या सबंध खरेदीतला सर्वांत प्रामाणिक सल्ला हाच. चाकाची साखळी शिडीसारखी असते, दोन्ही बाजूंना दोर आणि मध्ये आडव्या कड्या, आणि ती टायरच्या मापाचीच लागते. ती शेवटी ऑनलाइन मागवली. चार टायरांच्या खर्चापुढे ती किंमत किरकोळच. घरापासून दोन पावलांवर असलेल्या तपकीर गल्लीतून सिगारेट लायटरवर चालणारा हवेचा पंप आणि प्रेशर गेज घेतलं.

साखळी चढवायची तालीम वाहनतळावर केली. चाकामागे साखळी सरळ पसरायची, गाडी हळूच तिच्यावर घ्यायची, आधी आतला हूक, मग बाहेरचा, मग ताण. आतला हूक लावताना कोपरापर्यंत हात चाकामागे घालावा लागतो आणि गाल टायरला टेकतो. रखवालदारानं तेवढ्यात चार माणसं जमवली. एक म्हणाला, "गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असेल." थोडं अंतर चालवून साखळी पुन्हा ताणायची असते, तेवढी जागा तिथे नव्हती, त्यामुळे ती पायरी मनातल्या मनात केली.

मनालीच्या पुढे सोलंगजवळ पोलीस गाड्या अडवत होते. बर्फ पडला की फोर बाय फोर किंवा साखळीवाल्यांनाच पुढे सोडतात. 9.02 किलोमीटरचा बोगदा ओलांडून पलीकडे निघालो, तर रस्ता, कठडा, नदी सगळं एकाच रंगाचं. सिस्सूला मुक्काम केला. सकाळी गेज लावलं. पुण्यात 35 पीएसआय भरलेली हवा 32 दाखवत होती. थंडीनं दाब याहून खूप उतरतो, पण 3,000 मीटरच्या वर बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे गेजवर थोडा परत चढतो. पंपानं तीन पॉइंट भरले. बोटांना व्हॉल्व्हची टोपी लागत नव्हती.

आणि तिथे कळलं की 360 न्यूटन-मीटर ही बर्फावर अडचण असते. पिकअपचा मागचा हौदा रिकामा असला की सगळं वजन पुढे. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणूनच मनालीत हौद्यात वाळूची पोती टाकून घेतली होती, मागच्या एक्सलवर. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडून, फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, गाडी शहाण्यासारखी निघाली. पडलेल्या बर्फावर एटी टायरांनी साखळीशिवायही छान काम केलं. पण फोर बाय फोर निघायला मदत करतं, थांबायला नाही. एका उताराच्या तोंडाशी स्थानिक चालकानं हात दाखवून थांबवलं, "सर, आगे पाला जमा है." दुपारचं वितळलेलं पाणी रात्रीत गोठून डांबराच्याच रंगाचं झालं होतं. मागच्या दोन्ही चाकांना साखळ्या चढवल्या, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता म्हणावं तसं, इंजिनच्या जोरावर उतरलो. कोरडं डांबर लागताच साखळ्या काढल्या, नाहीतर त्या टायरही खातात आणि स्वतःही तुटतात.

पुण्याहून वर्षातून एकदा बर्फात जाणाऱ्यानं खास हिवाळी टायरांच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. ते मिळत नाहीत, आणि मिळाले तरी सोलापूर रस्त्याच्या उन्हात ते मऊ रबर झिजून जाईल. टायर बदलायची वेळ आलीच असेल तर चांदणीची खूण असलेले ताजे एटी घ्या, तारीख स्वतः वाचून. पैसे कमी असतील तर आहेत त्या टायरांची नक्षी तपासा, कायदा 1.6 मिलिमीटरवर थांबतो, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला चार मिलिमीटर लागते, तेवढी तरी असू द्या. साखळ्या मात्र पुण्यातूनच आपल्या मापाच्या न्या आणि निघण्यापूर्वी एकदा चढवून पाहा. लोक हसले तर हसू द्या. रस्त्यावर काच जमली असेल, तर मात्र कुठल्याही टायरवर विसंबू नका; तिथल्या माणसाला विचारा आणि तो थांब म्हणाला की थांबा.