वेंगुर्ल्याच्या खळ्यातले लाल अमृत

कडक ऊन आणि उंबरठ्यावर आलेला पाऊस यांच्यामध्ये जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात कोकणातल्या गृहिणी वर्षभराचे अमृत कोकम बरणीत भरून ठेवतात. ही बरणी भरताना पाहायची, तर मे महिन्यात सिंधुदुर्गात जायला हवे.

मे महिन्याचा तिसरा आठवडा. सकाळचे नऊच वाजले आहेत, पण वेंगुर्ल्याजवळच्या वाडीतल्या घरापुढच्या खळ्यात अनवाणी पाय टेकवत नाही. तुळशीवृंदावनाच्या बाजूला चिनी मातीच्या आणि काचेच्या बरण्या ओळीने उन्हात मांडल्या आहेत. प्रत्येकीच्या तोंडाला पांढरे फडके बांधले आहे. काचेच्या बरणीत तळाशी गडद लाल रस, मध्ये जांभळट साली आणि वर अजून न विरघळलेली साखर असे तीन थर स्पष्ट दिसतात.

ओसरीवर सासू-सुना रतांब्यांची रास पुढे घेऊन बसल्या आहेत. विळीवर फळाचे दोन भाग करायचे, अंगठ्याने बिया गरासकट पातेल्यात ढकलायच्या आणि सालीची वाटी परातीत टाकायची, असे काम चालले आहे. दोघींचीही बोटे जांभळी झाली आहेत. हा रंग आठवडाभर तरी जात नाही. मध्येच ऊन मंदावते. सासूबाई मान वर न करताच म्हणतात, "मळब इला गो, बरण्यो भितर घे."

"होय आये, घेतंय," म्हणत सून उठते.

मळब म्हणजे ढगांचे सावट. मुंबई-पुण्यात मेमधल्या ढगाने जिवाला बरे वाटते. इथे मात्र त्या ढगाने घराघरांत धावपळ उडते. पुढ्यातली साल, साखर आणि चार दिवसांची मेहनत एका सरीने वाया जाऊ शकते.

रतांबा, भिरंड आणि कोकम

बाजारात ज्याला सरसकट कोकम म्हणतात, त्याच्या फळाचे कोकणातले नाव रतांबा. गोव्याच्या बाजूला त्यालाच भिरंड म्हणतात, तर कर्नाटकात शिरसी-सिद्धापूरच्या परिसरात ते मुरुगल नावाने ओळखले जाते. सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि त्याखालची किनारपट्टी हे या झाडाचे माहेर. झाड सदाहरित, उंच आणि फांद्या खाली झुकलेल्या. ते ओढ्याच्या काठी, आंब्या-फणसाच्या सावलीत किंवा परसाच्या कडेला उभे असते. हिवाळ्यात फुलते आणि एप्रिलपासून फळे पिकू लागतात. लहान लिंबाएवढे हिरवे फळ आधी लाल होते, मग गर्द जांभळे.

या फळाचे काहीही फुकट जात नाही. साली रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवल्या की आमसुले होतात. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. नारळाच्या दुधात आगळ घातले की सोलकढी होते. बिया वाळवून, कुटून आणि पाण्यात उकळून वर येणारी चरबी मुठीत दाबून तिचे गोळे करतात. हे मुठेल हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावायचे हक्काचे औषध. हीच चरबी कोकम बटर या नावाने सौंदर्यप्रसाधनांत आणि मिठाईच्या धंद्यातही वापरली जाते. आणि सालीत साखर भरून उन्हात ठेवली की होते ते अमृत कोकम.

उन्हावर मुरणारे सरबत

अमृत कोकमाला चूल लागत नाही. सालीच्या वाटीत साखर भरायची, ती बरणीत ठेवायची, तिच्यावर दुसरी, असे थर लावत बरणी भरायची. साखर सालीतला रस बाहेर ओढून घेते आणि त्याच रसात विरघळते. उन्हाच्या उबेने हे काम लवकर होते. रोज एकदा बरणी हलवायची किंवा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळायचे. सात-आठ दिवसांत साली आकसतात आणि घट्ट, चमकदार लाल पाक तयार होतो.

मग हे सगळे गॅसवर उकळून अर्ध्या तासात का करू नये, असा प्रश्न शहरातल्या गृहिणीला पडणे साहजिक आहे. उत्तर रंगात आणि वासात आहे. रतांब्याचा लाल रंग फार उष्णता सोसत नाही. उकळताना तो विटकरी, काळपट होऊ लागतो आणि ताज्या फळाचा वास उडून जातो. उन्हात मुरलेला पाक मात्र ग्लासात ओतला की माणकासारखा दिसतो.

साखर पुष्कळ असते, तीही केवळ गोडीसाठी नव्हे. सालीच्या वजनाच्या दुप्पट साखर हे घराघरांतले ठरलेले प्रमाण. एवढ्या दाट पाकात जंतूंची वाढ होत नाही, म्हणून हे सरबत शीतकपाटाबाहेरही टिकते. साखरेत काटकसर केली किंवा बरणीत पाण्याचा अंश राहिला, तर चार दिवसांत पाक फसफसतो आणि आंबूस वास येतो. पहिल्या वर्षी घाईने बरणी भरणाऱ्या नव्या सुनेला हा धडा बहुतेक वेळा असाच मिळतो.

पावसाशी शर्यत

खरी अडचण झाडाच्या वेळापत्रकात आहे. बहुतेक झाडांची बरीचशी फळे मेच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये पिकतात. इकडे रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटी सुरू होते आणि मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. म्हणजे फळ तयार आणि ऊन नाही, अशी गत. पावसात भिजलेला रतांबा झाडाखाली पडून फुटतो, त्याला बुरशी लागते. हाताशी आले तेवढे घरात येते, उरलेले मातीत जाते.

२०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात पोचला आणि पोचला तो सिंधुदुर्गातच, देवगडपर्यंत. त्याआधीचे काही दिवसही पावसाचेच गेले. अशा वर्षी ज्यांनी पहिल्या तोड्यात बरण्या भरल्या, त्यांचेच अमृत कोकम झाले. "पावस येवच्या आदी रतांबे काडूक व्हये," हे वाक्य वाडीवाडीत ऐकू येते, पण काढायला माणूस कुठे आहे? तरुण मुले मुंबईला, गोव्याला कामाला. उंच झाडावर चढणारा गडी मिळत नाही. मागे राहतात त्या म्हाताऱ्या बायका आणि आकडी बांधलेली काठी. अमृत कोकमाची बरणी हा त्यांच्या हातांचा आणि डोळ्यांचा हिशेब आहे: आकाशाकडे पाहून आज किती फळे फोडायची, हे त्या ठरवतात.

नर झाडाचा पेच

रतांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून रोप वाढवले, तर ते नर की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही आणि फुलावर यायला सहा-सात वर्षे सहज जातात. इतकी वर्षे पाणी घालून जवळजवळ निम्मी झाडे नर निघाली, तर शेतकऱ्याने काय करायचे? त्यामुळे आंबा आणि काजूच्या जशा बागा झाल्या, तशा कोकमाच्या फारशा झाल्या नाहीत. झाड आपोआप उगवले तर ठेवायचे, एवढेच.

यावर उपाय निघाला तो कलमांचा. मादी झाडाची काडी रोपावर बांधून मृदुकाष्ठ कलम केले की फळाची खात्री मिळते आणि ती लवकरही मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात प्रसारित केली. तिची फळे लवकर, म्हणजे मुख्यतः पावसाआधी तयार होतात. पुढे मोठ्या फळाची 'कोकण हातीस' ही जातही आली. काजूच्या जातींसाठी नावाजलेले विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यातच आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परसात कलमाची दोन झाडे असली, तर बरणी पावसाआधी भरण्याची आशा बाळगता येते.

बरणीतून बाटलीत

मे संपत आला की चाकरमानी परतीच्या तयारीला लागतात. पूर्वी वेंगुर्ले बंदरातून बोटीने मुंबईला जाणाऱ्यांच्या ट्रंकेत आणि नंतर एस.टी.च्या टपावरच्या बोचक्यात या बाटल्या जात. १९९८ पासून कोकण रेल्वेच्या बाकाखाली जातात. आमसुले, फणसपोळी, काजूगर आणि कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली लाल बाटली. मुंबईच्या चाळीतल्या पाहुण्यापुढे हा ग्लास आला की गावाची चौकशी आपोआप सुरू होते.

आता बचत गटांच्या बायकाही हे सरबत बाटल्यांत भरून विकतात. बाजारातून घेताना बाटलीवरचे घटक वाचावेत. कोकम आधी लिहिलेले आहे की रंग आणि कृत्रिम स्वाद, एवढे पाहिले तरी फसगत टळते. भडक गुलाबी रंगावर भाळू नये. अस्सल पाक बाटलीत काळपट दिसतो आणि पाणी घातल्यावर लाल होतो.

वेंगुर्ले पाहताना

रेल्वेने कुडाळला उतरून सुमारे २५ किलोमीटरवर वेंगुर्ले येते. टेकडीवरचे दीपगृह, बंदर, १७ व्या शतकातल्या डच वखारीचे अवशेष आणि सकाळचा बाजार पाहून होतो. दक्षिणेला शिरोडा आहे. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आणि शिक्षक म्हणून तिथे राहिलेले वि. स. खांडेकर यांच्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके नाही. आगळात पडणारे मीठ याच किनाऱ्यावरच्या मिठागरांचे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेल्यास आंबा, काजू, फणस आणि रतांबा हे सगळे एकदम भेटतात. ऊन सोसायची तयारी मात्र हवी. त्या उन्हावरच तर सारे अवलंबून आहे.

दुपारी मळब सरते. सून बरण्या पुन्हा एकेक करून खळ्यात आणून ठेवते. फडके सोडून सासूबाई आत डोकावतात. वरची साखर बरीच खाली बसली आहे. अजून तीन-चार दिवस ऊन मिळाले, तर मुंबईच्या नातवंडांची वर्षाची सोय झाली.

घरच्या घरी अमृत कोकम

साहित्य : पिकलेले पण घट्ट रतांबे २ किलो (साली साधारण १ किलो निघतात), साखर २ किलो, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ.

कृती : रतांबे धुऊन पूर्ण कोरडे पुसावेत. दोन भाग करून बिया व गर काढावा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत साली व साखर यांचे थर द्यावेत. सर्वांत वर साखर यावी. फडके बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवावे. रात्री घरात घ्यावे. रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवावे. साखर पूर्ण विरघळली की पाक गाळून बाटल्यांत भरावा. लोखंड, तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांची भांडी वापरू नयेत. कोकमाच्या आंबटपणाने ती कळकतात.

ताजे रतांबे न मिळाल्यास : १०० ग्रॅम बिनमिठाची आमसुले दोन कप गरम पाण्यात तीन-चार तास भिजवून कुस्करावीत व गाळावीत. ४०० ग्रॅम साखरेचा एकतारी पाक करून, निवल्यावर त्यात हा रस मिसळावा. हे सरबत शीतकपाटात ठेवून लवकर संपवावे.

वापर : एक भाग पाकाला पाच-सहा भाग गार पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. पाण्याऐवजी सोडाही चालतो. पपई किंवा केळ्याच्या फोडींवर, किसलेल्या बर्फावर किंवा व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर पाक छान लागतो. दुधात मात्र घालू नये, दूध फाटते. पाक गाळून उरलेल्या साली वाळवून ठेवाव्यात. मुले त्या गोळ्यांसारख्या चघळतात.