साक्षीत न सांगितलेलं

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. उपासनेनंतर कुणीतरी उभं राहतं आणि आपण प्रभूकडे कसे आलो ते सांगतं. मी मास्तर, बोलता येतं, शिवाय मराठा शेतकरी घरातून आलेला. त्यामुळे पाहुणे आले की पाळकसाहेब मलाच उभं करायचे. 'येशूसाठी मला घरदार सोडावं लागलं' हे माझं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा बोललो तेव्हा ते निम्मं खरं होतं. पुढं दर सभेला त्यात भर पडत गेली. वडिलांनी अबोला धरला होता, त्याचं 'घराबाहेर काढलं' झालं. भावकीतल्या एकानं लग्नात टोमणा मारला होता, त्याचा छळ झाला. खरं तर घर मीच सोडलं होतं. आई एसटीच्या कंडक्टरच्या हाती बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवत राहिली. ती चटणी साक्षीत कधी आली नाही. आली असती तर छळाची गोष्ट ढिली पडली असती.

लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, बुरुजाचा दाखला आहे: बांधायला घेण्याआधी माणसानं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा. असा अंदाज आपण घेतला आहे, अशी माझी खात्री होती. वडील काय म्हणतील, गावात मान राहील का, शाळेतली नोकरी टिकेल का, सगळं रात्र रात्र जागून मांडलं होतं. त्यात बायको कुठंच नव्हती. तिला मी बाप्तिस्मा झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मी कच खाल्ली असती, अशी भीती होती. या भित्रेपणाला मी तेव्हा विश्वास म्हणायचो.

धर्म बदलल्याबद्दल कुणी बोललंच तर कवी ना. वा. टिळकांचं नाव पुढं करायचो. १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत बाप्तिस्मा; ही तारीख मला पाठ. त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' मात्र शाळेत धड्यापुरतं वाचलेलं, हसवणारे प्रसंग तेवढे लक्षात. पुस्तक सलग वाचलं ते पन्नाशीत. टिळकांच्या निर्णयानंतरची वर्षं लक्ष्मीबाईंनी मुलाला, लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधारानं काढली. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या पावलानं, सोवळं-ओवळं एकेक सोडत. या किमतीबद्दल टिळकांनी स्वतः लिहिलं असतं तर ते फार भव्य झालं असतं, असं मला वाटतं. लक्ष्मीबाई नवऱ्यावर जीव टाकतात आणि त्याची थट्टाही करतात, म्हणून ती किंमत खरी वाटते. माझी बायको पुस्तक लिहिणार नाही.

तालुक्याच्या गावी बिऱ्हाड केलं तेव्हा आईनं तिला खंडोबाचा आणि भवानीचा टाक दिला होता. तिनं ते फळीवर मांडले. मी फडक्यात गुंडाळून धाकट्या भावाकडे पोचवले. ती तेव्हा काही बोलली नाही. पुढं मुलगी झाली, तिचा बाप्तिस्माही मीच ठरवला. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना एकदा भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तुमचा देव बदललात. माझा का उचललात?" याला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

वडील गेले तेव्हा मी थोरला असूनही अग्नी दिला नाही. धाकट्यानं दिला. मी लांब उभा होतो. आपण प्रभूशी किती एकनिष्ठ, याचं मनात कुठंतरी समाधानही होतं. दहाव्याला गेलोच नाही. नंतर पाळकसाहेबांना हे ऐटीत सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, अग्नीचं राहू दे. खांदा द्यायला तुला कुणी अडवलं होतं?"

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आमच्या मंडळीतली बरीचशी घरं मूळची महार-मांग समाजातली. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशानं त्यांना सवलतीबाहेर ठेवलं. पुढं १९५६ मध्ये शिखांसाठी दार उघडलं, १९९० मध्ये बौद्धांसाठी. ख्रिस्ती झालेल्यांसाठी अजून नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांच्या मुलाची राखीव जागा अशीच गेली. माझ्या जातीला तेव्हा आरक्षण नव्हतंच, माझं काय जाणार? तरी त्यांच्यासमोर उभं राहून मी त्याग ऐकवायचो आणि ते 'आमेन' म्हणायचे. ज्यांच्या हातचं पाणी आमच्या वाड्यात चाललं नसतं, त्यांच्यासोबत एका प्याल्यातून प्रभुभोजन घेताना पहिल्यांदा माझा हात थरथरला होता. मला विश्वासातून काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी हा थरकाप आणि पुढं त्याचं जाणं सांगेन. शाळेत माझी छडी सुटली, तीही त्याच काळात. एवढ्यासाठी मी पुन्हा बाप्तिस्मा घेईन का? घेईन. या खेपेला बायकोला आधी सांगेन. ती नको म्हणाली तर काय करेन, ते मात्र सांगता येत नाही.

गेल्या वर्षी माझी बायपास झाली. घरी आल्यावर वकिलांकडून कळलं की १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात एक २६ वं कलम आहे. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. जातो तो धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा. म्हणजे आईच्या नावावरच्या जमिनीत मला हिस्सा आहे, पण मी तिच्याआधी गेलो तर माझ्या मुलीला नाही. वारसा उघडेल तेव्हा मुलगी हिंदू असली तर मिळेल, असंही ते म्हणाले. आईनं सगळं ऐकून घेतलं. "पोरीला कशाला देव बदलायला लावता? मी लिहून देते," म्हणाली. धाकट्यानंच तिला दुय्यम निबंधकाकडे नेलं. मृत्युपत्रात तिला एक अट घालायची होती. असली अट कागदावर चालत नाही, असं वकील म्हणाले, म्हणून ती तोंडीच राहिली: अग्नी धाकट्यानं द्यायचा, पण थोरल्यानं खांदा चुकवायचा नाही. मी हो म्हणालो. पाळकसाहेबांना विचारायला गेलो नाही.