आईला बोट लागते

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले असताना घरात ठरलं, की आता एक क्रूझ करायची. ठरलं म्हणजे पुण्याच्या लेकीनं फोनवरून ठरवलं. "बाबा, जन्मभर मुलांना भूगोल शिकवलात, आता थोडा बघा तरी!" असं तिचं म्हणणं. बायकोनं लगेच दुजोरा दिला. आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. ती काहीच बोलली नाही. आम्हीही तिला काही विचारलं नाही. आई येणार हे गृहीतच होतं. वय 82, गुडघे कुरकुरतात, पण डोकं आणि जीभ शाबूत.

आता गोव्याच्या माणसाला 'क्रूझ' या शब्दाचं काय कौतुक? मांडवीवर तासभर फिरवून आणणाऱ्या नाचगाण्याच्या बोटीलाही आपल्याकडे क्रूझच म्हणतात. हिवाळ्यात मुरगाव बंदरात विदेशी पाहुण्यांची मजलेच्या मजले असलेली पांढरी जहाजं लागतात, तीही वास्कोला जातायेता लांबून पाहिलेली. पण आपण पैसे भरून अशा जहाजात चढायचं म्हटल्यावर कळलं, की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही.

मग मी मास्तरकी पद्धतीनं वही काढली आणि रकाने आखले.

पहिला रकाना सिंगापूर, पेनांग, फुकेतचा. लेकीची पसंती याला. इथं विमान आलं, पासपोर्ट आला, व्हिसा आला. व्हिसात एक मेख असते. जहाज सिंगापूरहून सुटतं, दुसऱ्या देशांना शिवून पुन्हा सिंगापूरलाच येतं. म्हणजे व्हिसा एकदाच आत शिरू देणारा आहे की पुन्हा पुन्हा, हे आधी बघायला हवं, नाहीतर परतताना पंचाईत.

दुसरा रकाना मुंबईहून लक्षद्वीपचा. पासपोर्टची कटकट नाही, पाणी निळंशार. पण बेटांजवळ मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. हे वाचलं आणि मला एकदम मालवण आठवलं! लहानपणी आम्ही मुंबईच्या आगबोटीनं आजोळी जायचो. पणजीला बोट सरळ धक्क्याला लागायची, पण मालवण-वेंगुर्ल्याला ती बाहेरच उभी राहायची. मग पडाव यायचे. बोचकी, फणस, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं हातोहात खाली उतरायचं. लाटेनं पडाव वर आला की उडी मारायची, खाली गेला की थांबायचं. आईच्या गुडघ्यांना आता ते जमणार नव्हतं. लक्षद्वीपवर काट मारली.

तिसरा रकाना मुंबई-गोवा. यावर मी सर्वांत आधी काट मारली होती. गोव्याच्या माणसानं पैसे भरून गोव्याला यायचं? लोक हसतील!

तसा हा मार्ग पुन्हा पुन्हा जिवंत होऊ पाहतो. 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' ही नावं ज्यांच्या कानावरून गेली आहेत त्यांना ती जुनी बोट वेगळी सांगायला नको. 2018 मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा सुरू झाली, 2020 च्या करोनात ती थांबली. 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचं मोठं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप असं फिरू लागलं. पूर्वी लोक पोचण्यासाठी बोटीत चढत, आता बोटीत राहण्यासाठी चढतात, एवढाच काय तो फरक.

तर सिंगापूर जवळजवळ नक्की झालं. त्याआधी शेजारच्या पात्रांवचा सल्ला घ्यावा म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या बलकांवावर जाऊन बसलो. पात्रांव जुने तारवटी. तीस वर्षं क्रूझ जहाजांवर काढली, आधी भांडी घासायला, मग स्वयंपाकघरात, शेवटी तिथलेच मुकादम होऊन उतरले. गोव्यात असं एखादं तरी घर नाही असा वाडा विरळा. या जहाजांचं वैभव जग बघतं, त्या वैभवाची चादर बदलणारे हात किती वेळा आपल्याच गावचे असतात.

पात्रांवनी माझी वही चष्मा लावून वाचली आणि शिकवणीच सुरू केली.

एक, जाहिरातीतला भाव हा भाव नव्हे. तो माणशी असतो आणि एका खोलीत दोन माणसं धरून असतो. त्यावर बंदराचा आकार, कर, नोकरवर्गाची बक्षिसी चढते. जेवण त्यात असतं, पण दारू, इंटरनेट, किनाऱ्यावरची फिरती, काही खास हॉटेलं यांचे पैसे वेगळे. सगळी बेरीज करायची आणि मगच 'स्वस्त' म्हणायचं.

दोन, जहाज सुटायच्या दिवशीच विमानानं किंवा गाडीनं तिथं पोचायचं नाही. आदल्या दिवशी जाऊन झोपायचं. गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नसतं.

तीन, बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या खोलीत यायला कधी कधी संध्याकाळ होते. आईची औषधं, एक जोड कपडे, चष्मा हातातल्या पिशवीत.

चार, खोली. बिनखिडकीची सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग बाल्कनीची. खिडकी घेतली तर समोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हे नकाशावर बघून घ्यायचं. आईसाठी लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराशी नको, रात्रभर वर्दळ असते. न्हाणीघराचा उंबरठा उंच असतो, त्याची आधीच चौकशी करायची.

"आणि बोट लागत असेल तर?" मी विचारलं. कारण आमच्या घरातलं हे सर्वमान्य सत्य होतं, की आईला बोट लागते. बाबा सांगायचे. म्हणूनच ती नंतर बोटीनं माहेरी गेली नाही, एसटीनं जाऊ लागली.

पात्रांव म्हणाले, तर मग मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यायची. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा, मध्ये कमी, तसंच जहाजाचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, आलं चघळायचं, नजर लांब क्षितिजावर ठेवायची. मी हे सगळं लिहून घेतलं. मधोमध, खालचा मजला, बिनखिडकीची चालेल, कारण आई झोपूनच राहणार.

वही मिटून उठलो तर पात्रांव हळूच म्हणाले, "आवयक विचारलें तुवें?"

मी गप्प. आईला काय आवडेल यावर आमची महिनाभर चर्चा झाली होती. तिला सोडून सगळ्यांची झाली होती.

"पयलीं तिका विचार," एवढंच म्हणून ते आत दिवा लावायला गेले.

रात्री जेवण झाल्यावर आईसमोर वही उघडली. सिंगापूरच्या जहाजाची चित्रं दाखवली. पोहायचा तलाव, नाटकघर, कसिनो. आई म्हणाली, "कसिनो बघायला सिंगापूर कशाला? मांडवीवर रांग लागलेली असते." मग थोडा वेळ चित्रं उलटून पाहिली आणि तिनं एक भलताच प्रश्न विचारला.

"अजून पावसात बोट बंद असते का रे?"

मी सांगितलं, की पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा दर्या खवळलेला असतो, तेव्हा सफरी इथून नसतात. आईनं मान हलवली. म्हणाली, "तेव्हाही असायची बंद."

आणि मग ती जे बोलली ते मी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

1964 च्या मे महिन्यात लग्न होऊन ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढली. गिरगावातली मुलगी, गोवा तोवर नकाशातच पाहिलेला. हमालानं आधीच चटई पसरून जागा धरून ठेवली होती. बाकीची वऱ्हाडी मंडळी झोपली, ही रात्रभर कठड्याशी बसून होती. सकाळी बोट मांडवीत शिरली तेव्हा बाबांनी तिला हात करून एकेक ठिकाण दाखवलं, हे आग्वाद, हे काबो, ती पणजी. "तुझे बाबा तोवर माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोलले नव्हते," आई म्हणाली. "लाजायचे. त्या सकाळी बोलायला लागले ते थांबेचनात."

"मग बोट लागली नव्हती?"

"मला कुठली बोट लागते! तुझ्या बाबांना लागायची."

मी वहीकडे बघत राहिलो.

मग आई 1973 वर आली. जुलै महिना. आजोबा अत्यवस्थ असल्याची तार आली. बोट पावसामुळे बंद. मला काकूकडे ठेवून आई-बाबा निघाले. सावंतवाडी, कोल्हापूर, पुणे अशा गाड्या बदलत, घाटात दरड कोसळली म्हणून रात्रभर खोळंबत ती मुंबईला पोचली तेव्हा चाळीच्या दारात मडकं आणि राख होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. मला एवढंच आठवतं, की आई खूप दिवसांनी आली आणि येताना खाऊ आणला नाही.

"बोट चालू असती तरी पोचले असते की नाही कुणास ठाऊक," आई म्हणाली. "पण पुढच्या मोसमात बोट सुरू झाली, पणजीला भोंगा ऐकला, आणि मला तिचा रागच आला. माणसाचा येतो तसा. मग नाही चढले पुन्हा. कुणी विचारलं की तुझे बाबा सांगायचे, हिला बोट लागते. मीही तेच सांगू लागले. सोपं पडायचं."

बावन्न वर्षं आमच्या घरात हे वाक्य फिरत होतं आणि त्यावरून मी तिच्यासाठी बिनखिडकीची खोली घ्यायला निघालो होतो!

"मग आता कुठं जायचंय तुला?" मी विचारलं. खरं तर हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर असायला हवा होता.

"मुंबईहून गोव्याला," आई म्हणाली. "गोव्याहून मुंबईला नको. जाताना पोचायची घाई असते. येताना नसते."

लेकीला फोन केला. ती आधी हिरमुसली, मग तिनंच चौकशी करून गोव्यात उतरता येईल अशी सफर शोधली. सिंगापूर पुढं कधी तरी. पात्रांवकडे पुन्हा गेलो. ते खूश झाले आणि लगेच जहाजाचा नकाशा पसरला. मुंबईहून दक्षिणेला येताना किनारा डाव्या हाताला, तेव्हा खोली डाव्या बाजूची. मधोमध राहू दे, पण खिडकी हवीच. मात्र त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती मला आईला सांगावी लागली. हे जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून चालतं, वाटेत मालवण-वेंगुर्ल्याचे दिवे दिसतीलच असं नाही. आणि ते मांडवीत येत नाही, मुरगावला लागतं. पणजीच्या काठावर आता कसिनोच्या होड्या.

मला वाटलं आईचा विरस होईल. ती म्हणाली, "मुरगावला जाताना आग्वाद आणि काबो लागतातच ना?"

भूगोलाच्या मास्तरला हे तिनं सांगावं! लागतात. उत्तरेकडून येताना डाव्या हाताला आधी आग्वाद, मग मांडवीचं मुख, मग काबो, आणि पुढं जुवारीच्या तोंडाशी मुरगाव. फक्त पहाटे उठायला हवं.

नोव्हेंबरचं तिकीट काढलं आहे. आदल्या दिवशी दादरला मावसभावाकडे मुक्काम, औषधं हातातल्या पिशवीत, आलं बायकोसाठी. ओळखपत्रांच्या झेरॉक्स काढून झाल्या. तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच क्रूझचा विचार करत असाल तर पात्रांवची शिकवणी वर दिलीच आहे, ती उतरवून घ्या. पण रकाने आखण्याआधी, बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला एकदा विचारा. विशेषतः जो कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलाय त्याला.

काल आईनं कपाटातून एक जुनी सतरंजी काढून उन्हात टाकली. मी म्हटलं, अगं, तिथं खोलीत गाद्या असतात, हॉटेलसारख्या.

"असू देत," ती म्हणाली. "वर डेकवर बसायला लागेल. पहाटे गार असतं."